व्यापाराला आणि ग्राहकाला मदत करणाऱ्या सेवा आठवी-नववीच्या मुलांना कशा शिकवायच्या? शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकमध्ये माध्यमिकला शिकवते. बँक, वाहतूक, गोदाम, विमा, जाहिरात, टपाल आणि ग्राहकाचे हक्क हा सगळा भाग मी बरीच वर्षं आठवी-नववीला घेतेय आणि नवीन शिक्षक, कधी कधी पालकसुद्धा, फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. जे वर्गात करून बघितलंय तेवढंच लिहिलंय.

हा तर बारावी कॉमर्सचा भाग आहे ना? आठवी-नववीला कशाला?

बारावीच्या वाणिज्य संघटनात व्यवसाय सेवा आणि ग्राहक संरक्षण असे दोन वेगळे धडे आहेत हे बरोबर, पण बारावीला कॉमर्स घेणारी मुलं किती आणि बाकीच्यांचं काय? सायन्सला जाणारा मुलगा बँकेत खातं काढणार नाही का, दहावीनंतर शाळा सुटलेली मुलगी मोबाईल विकत घेणार नाही का? आणि नववीच्या भूगोलात अर्थशास्त्राशी परिचय, व्यापार, वाहतूक व संदेशवहन हे धडे आहेतच, त्यामुळे वेगळे तास मागायची पण गरज नाही, तिथेच हे जोडून घेता येतं. तेरा-चौदाव्या वर्षी मुलं एकटी दुकानात जायला लागतात, घरच्यांचा मोबाईल त्यांच्याच हातात असतो. आत्ताच शिकवायचं हे.

सुरुवात कुठून करू? व्याख्या सांगितली की वर्ग झोपतो.

व्याख्या शेवटी. सुरुवात कांद्यापासून करा.

आपल्या जिल्ह्यात याच्याइतकं सोपं उदाहरण दुसरं नाही. फळ्यावर डावीकडे निफाड किंवा चांदवड तालुक्यातलं शेत काढायचं, उजवीकडे पाटण्यातल्या एका घरातलं स्वयंपाकघर, आणि मुलांना विचारायचं की हा कांदा तिथपर्यंत पोचला कसा, मध्ये कोणकोण लागलं ते सांगा. पहिलं उत्तर हमखास येतं "ट्रकवाला", मग हळूहळू सुरू होतं. उन्हाळ कांदा काढला की तो लगेच विकत नाहीत, चाळीत ठेवतात, म्हणजे साठवण आली. मग ट्रॅक्टर भरून लासलगावला, जी आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखली जाते, तिथे लिलाव, क्विंटलचा भाव, मग काटा, काट्याची पावती, हिशोबपट्टी, आणि पैसे बँकेत. व्यापारी माल खळ्यावर नेतो, प्रतवारी करतो, गोण्या भरतो, त्याच्याकडे रोज एवढे रोख पैसे कुठून येतात तर बँकेचं कर्ज आलं. सकाळी भाव काय निघाला हे गावागावात फोनवर कळतं, म्हणजे संदेशवहन आलं. मग ट्रक नाहीतर रेल्वे. रस्त्यात गाडी उलटली तर? विमा आला.

ज्यांच्या घरी शेती आहे ती मुलं या तासाला जी बोलायला लागतात! एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा चाळीत वारा खेळता का ठेवावा लागतो ते फळ्यावर काढून दाखवतो. त्याला बोलू द्या, घाई करू नका, या एका कांद्याला मी पूर्ण दोन तास देते आणि ते वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही.

मुलांना "सेवा" ही कल्पनाच कळत नाही. वस्तू दिसते, सेवा दिसत नाही.

हाच सगळ्यात मोठा अडसर आहे आणि यावर मला एकच उपाय लागू पडलाय. सेवा चालू असते तेव्हा दिसत नाही, बंद पडली की दिसते. म्हणून मी प्रत्येक सेवेचा तास "आज ही बंद आहे" असं म्हणून सुरू करते. आज सगळे ट्रक बंद. आज सगळ्या बँका बंद. आज एकही गोदाम नाही. आता सांगा संध्याकाळपर्यंत तुमच्या घरात काय काय अडेल?

यात कल्पना करायची पण फार गरज नाही कारण मुलांनी हे बघितलंय. जानेवारी 2024 च्या सुरुवातीला हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रक-टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागल्यानंतर सप्टेंबरमध्ये जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते, तेव्हा शेतात कांदा होता, खाणारे लोक होते, पण मधला दुवाच थांबला म्हणून माल जागेवर पडून राहिला. हे सांगितलं की मुलं स्वतःहून म्हणतात की म्हणजे पिकवणं आणि खाणं यांच्यामध्ये पण काम असतं. तेवढंच तर शिकवायचं होतं.

एक मात्र, संप बरोबर की चूक या वादात त्या तासाला शिरू नका, घरी दोन्ही बाजूची मंडळी असतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

पुस्तकात अंतराचा अडथळा, काळाचा अडथळा असं असतं, ते कसं सांगू?

फळ्यावर दोन रकाने करा, एकात अडचण आणि दुसऱ्यात ती कोण सोडवतं. माल इथे आणि गिऱ्हाईक तिथे, ही जागेची अडचण, वाहतूक सोडवते. माल आज आणि गिऱ्हाईक चार महिन्यांनी, ही वेळेची अडचण, साठवण सोडवते. माल आहे पण पैसे नाहीत, बँक. माल आहे पण कुणाला माहीतच नाही, जाहिरात. मालाचं काही बरंवाईट झालं तर, विमा. रकाना मुलांनीच भरायचा, तुम्ही फक्त खडू द्यायचा.

वाहतूक आणि गोदाम यात नाशिकचं काय सांगता येईल?

वाहतुकीत भरपूर. मुंबई-आग्रा महामार्ग, कसारा घाट, न्हावा-शेवा बंदर, समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला तो, आणि माझं आवडतं म्हणजे देशातली पहिली किसान रेल्वे, जी 7 ऑगस्ट 2020 ला आपल्याच देवळालीहून बिहारच्या दानापूरला निघाली. कोरोनाच्या काळात प्रवासी गाड्या जवळपास बंद असताना भाजीपाला-फळं घेऊन गाडी जाते म्हणजे काय हे त्या वयाच्या मुलांना पटकन कळतं.

गोदामाचं मुलांना वाटतं की नुसती खोली, त्यात कसली सेवा. तिथे कांद्याची चाळ आणि द्राक्षांचं शीतगृह समोरासमोर ठेवा. कांद्याला हवा लागते, द्राक्षाला गारवा लागतो. निर्यातीचं द्राक्ष तोडल्यावर आधी त्यातली बागेची उष्णता काढून घेतात, ज्याला प्री-कूलिंग म्हणतात, मग ते शीतगृहात आणि तिथून थंड कंटेनरमधून बंदरावर, मध्ये कुठेही साखळी तुटली की मणी गळायला लागतात, देठ सुकतात. आणि कांदा चाळीत ठेवला तरी वजन घटतंच, काही सडतोही, म्हणजे साठवायला पैसे लागतात आणि जोखीम पण असते, मग शेतकरी तरी का ठेवतो? काढणीच्या वेळी सगळ्यांचाच माल एकदम येतो आणि भाव पडतो म्हणून. हा प्रश्न मुलांना सोडवायला द्या, उत्तर सांगू नका.

विमा शिकवताना मुलं फार कंटाळतात. काही युक्ती?

चिंचोके आणा.

खरंच सांगते, पुस्तक बाजूला ठेवा. वर्गात 40 मुलं धरा, प्रत्येकाला 10 चिंचोके, ही तुमची द्राक्षबाग म्हणायचं. पहिल्या डावात विमा नाही. डब्यात 40 चिठ्ठ्या, त्यातल्या तीनवर "गारपीट" लिहिलेलं, ज्याला ती निघाली त्याचे सगळे 10 गेले. ती तीन मुलं एकदम गप्प होतात आणि बाकीची हसतात. दुसऱ्या डावात प्रत्येकाने एक चिंचोका मधल्या भांड्यात टाकायचा, 40 जमले. पुन्हा तीन गारपिटी, पण या वेळी तिघांना भांड्यातून प्रत्येकी 10 भरून द्यायचे. 30 गेले, 10 उरले. त्या 10 मधून विमा कंपनीचा पगार, ऑफिस, नफा. मग मुद्दाम तिसरा डाव, पाच गारपिटी. 50 द्यायचेत आणि भांड्यात आहेत 40 आणि मागचे 10, म्हणजे पगार-नफ्याला काहीच न ठेवता कसंबसं भागलं. आणि सहा निघाल्या असत्या तर? इथे हप्ता का वाढतो, वाईट वर्षासाठी कंपनीला पैसे राखून का ठेवावे लागतात हे सगळं मुलंच बोलतात.

एक मुलगा दरवर्षी विचारतोच की मॅडम मला गारपीट निघालीच नाही, माझा चिंचोका फुकट गेला. त्याला मी विचारते की दुसऱ्या डावात चिठ्ठी उघडताना तुला पहिल्या डावासारखी धडधड झाली का? नाही म्हणतो. मग तो चिंचोका त्या धडधडीचा होता.

यानंतर खरी माहिती दोन वाक्यांत पुरते, एलआयसी 1956 ला स्थापन झाली, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला निदान थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, सक्तीचा आहे, आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. शेवटचं घरी विचारून या म्हणून सांगा, खूप घरांत बँकेतून 20 रुपये कापले जातात आणि कशाचे ते कुणालाच माहीत नसतं. अपघात झाला तर मग दावा करायचा असतो हेही मग माहीत नसतं.

"नोटा तर आपल्या नाशिकरोडलाच छापतात, मग सगळ्यांना जास्त छापून का देत नाहीत?" याला काय उत्तर देऊ?

हा प्रश्न नाशिकच्या प्रत्येक वर्गात येतो आणि फार चांगला प्रश्न आहे. नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस 1928 पासून नोटा छापते, आज देशात नोटा छापणाऱ्या चार प्रेस आहेत, नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी. पण छापणारा वेगळा आणि ती चलनात आणणारा वेगळा. नोट चलनात आणते रिझर्व्ह बँक, जी 1 एप्रिल 1935 ला सुरू झाली. नोटेवर गव्हर्नरचं वचन आणि सही कुठे आहे ते शोधायला लावा.

जास्त छापण्याचं उत्तर लिलावाने द्या. दहा पेरू आणि प्रत्येकाकडे कागदाचे 10 रुपये, लिलाव करा, भाव लिहून ठेवा. मग प्रत्येकाला 100 करा, पेरू तेवढेच. भाव कुठे जातो ते बघून मुलांना दुसरं काही सांगावं लागत नाही.

बँकेचं नेमकं किती शिकवायचं?

खातं, ठेव, कर्ज, आणि बँक ठेवीदाराचे पैसे कर्जाने देते व मधल्या व्याजावर चालते, एवढं पुरे. पण दोन गोष्टी मी कधीच सोडत नाही. एक, 10 वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावाने बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं, तशी परवानगी रिझर्व्ह बँकेने 2014 पासूनच बँकांना दिलीय, मर्यादा किती ते बँक ठरवते. दोन, बँक आणि पतसंस्था एक नव्हे. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, ही मर्यादा फेब्रुवारी 2020 ला 1 लाखावरून वाढवली. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही. पतसंस्था वाईट असं अजिबात म्हणायचं नाही, कित्येक छोट्या दुकानदारांना तिथूनच भांडवल मिळतं, पण फरक माहीत हवा. हा तास झाला की दुसऱ्या दिवशी दोन-तीन पालकांचे फोन येतात, म्हणजे विषय घरी पोचला.

यूपीआय शिकवावं का? मुलांना आपल्यापेक्षा जास्त येतं.

वापरता येतं, कळत नाही. बहुतेकांना वाटतं पैसे गूगल पे किंवा फोन पे मध्ये असतात. पैसे बँकेतच असतात, ॲप फक्त निरोप देतं, आणि दोन बँकांमधली ही देवाणघेवाण एनपीसीआय म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेवर होते, जी 2016 ला सुरू झाली. चार मुलं उभी करा, एक भाजीवाली, एक गिऱ्हाईक, दोन बँका, आणि निरोप हातोहात फिरवा, पाच मिनिटांत कळतं.

आणि एक वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या की पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणालं की ती फसवणूक. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवायचं, लाज वाटून दोन दिवस गप्प बसायचं नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीने हे घरी सांगितलं म्हणून तिच्या आजोबांनी टाकत असलेला पिन थांबवला, तेव्हापासून हा तास मी कितीही अभ्यासक्रम मागे असला तरी घेतेच.

टपाल आता कोण वापरतं, गाळलं तर चालेल?

गाळू नका, एक तास द्या. ऑनलाइन मागवलेलं पार्सल बरोबर घरी कसं येतं, तर पिनकोड. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी, आपले मराठी गृहस्थ. 422 ने सुरू होणारे आपले पिनकोड मुलांना गोळा करायला सांगा, पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करायचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कचेरीचे. सुट्टीत गावी गेलेल्या मुलांना तिथले कोड आणायला सांगितले की नकाशाच तयार होतो.

जाहिरात?

एक वर्तमानपत्र आणि दोन रंगीत पेन. माहिती देणारं वाक्य निळ्याने, भुलवणारं लालने. वाद होतात, होऊ द्या.

आता ग्राहक. मुलांना हक्क पाठ होतात पण दुकानात तोंड उघडत नाही.

कारण आपण हक्क पाठ करायला देतो. ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा, 24 डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली म्हणून तो राष्ट्रीय ग्राहक दिन, आणि नवा 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू, हे झालं परीक्षेपुरतं. बिंदुमाधव जोशींनी 1974 ला पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, म्हणजे कायदा यायच्या 12 वर्षं आधी, हे आवर्जून सांगा, मुलांना कळू दे की लोकांनी आधी मागणी केली आणि कायदा नंतर आला.

पण खरा तास म्हणजे पाकीट वाचणं. प्रत्येकाने घरातलं एक रिकामं पाकीट आणायचं आणि शोधायचं, सगळ्या करांसकट कमाल किंमत, निव्वळ वजन, कधी बनवलं, कुणी बनवलं, तक्रार कुठे करायची, खाण्याचं असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नंबर. सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा त्या दागिन्यापुरता नंबर, असतो, सराफ बाजारातून काही घेतलं तर तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो, हे मुली घरी जाऊन आईला दाखवतात.

मग नाटुकली. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईकाने आवाज न चढवता "पक्कं बिल द्या" म्हणायचं. तीन-चार वेळा केल्यावर जमतं, पहिल्यांदा सगळी जमिनीकडे बघतात.

बिलावर एवढा जोर का?

माझ्यावर बेतलं म्हणून. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी मिक्सर घेतला, दुकानदार म्हणाला कच्च्या चिठ्ठीवर घ्या, थोडं स्वस्त पडेल, मी घेतला. तीन महिन्यांत मोटर जळली आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बिल मागितलं, माझ्याकडे कागदाचा तुकडा, त्यावर ना दुकानाचं नाव ना तारीख. पैसे गेलेच, पण मुलांना जे शिकवते ते मीच केलं नाही याचं जास्त वाईट वाटलं. तो तुकडा मी अजून जपून ठेवलाय आणि दरवर्षी वर्गात फिरवते.

बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी असली तरी सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, बिलावर मुदत लिहिली नसेल तर 30 दिवस धरतात. फक्त सदोष हं, रंग आवडला नाही म्हणून नव्हे, हा फरक मुलांना नीट सांगा.

तक्रार कुठे आणि कशी, आठवीच्या मुलाला समजेल असं?

पायऱ्या सांगा. आधी दुकानदाराशी बोलायचं, मग कंपनीला लेखी, मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारी तिथे चालतात, 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, स्वतः राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. बँकेबद्दलची तक्रार असेल तर आधी बँकेला लेखी, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. वर्गात प्रत्येकाकडून एक तक्रारपत्र लिहून घ्या, तारीख, वस्तू, किंमत, काय बिघडलं, काय हवंय, बस. रागाचं एकही वाक्य नको.

दुकानदार पण ग्राहक असतो का? आणि शेतकरी?

पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा दुकानदार त्या मालाचा ग्राहक नाही, पण घरासाठी फ्रीज घेतला तर आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी शिलाई मशीन घेणारी बाई मात्र ग्राहक आहे. आणि बियाणं उगवलं नाही तर शेतकरी ग्राहक म्हणून आयोगाकडे जाऊ शकतो, सर्वोच्च न्यायालयाने 2012 ला हे स्पष्ट केलंय. आपल्याकडच्या मुलांना हे सांगायलाच हवं.

वर्गात दुकानदारांची, व्यापाऱ्यांची मुलं असतात. त्यांना अपराधी वाटत नाही का?

वाटतं, आणि चूक आपली असते. सगळी उदाहरणं फसवणाऱ्या दुकानदाराची दिली की रविवार कारंज्याला ज्याच्या वडिलांचं किराणा दुकान आहे त्याने मान खाली घालायची का? मी त्यालाच पुढे बोलावते आणि विचारते की वडील सकाळी किती वाजता उठतात, माल कुठून आणतात, उधारी किती राहते, वजनकाटा दरवर्षी तपासून शिक्का कसा घेतात. वैधमापनचं प्रमाणपत्र त्याने वर्गात आणून दाखवलं तेव्हा अख्ख्या वर्गाला पहिल्यांदा कळलं की काट्यालाही परीक्षा असते. चांगला दुकानदार हा या सगळ्या सेवांचा सगळ्यात जवळचा शिक्षक आहे.

सहलीला कुठे न्यावं?

लासलगाव लांब पडत असेल तर पंचवटीतल्या बाजार समितीत न्या. आधी समितीला पत्र द्या, मुलांचे गट करा, एका गटाने फक्त हमालांकडे बघायचं, एकाने फक्त कागदांकडे, एकाने फक्त गाड्यांकडे. गर्दीची वेळ टाळा, गाड्या मागे येत असतात, मुलांच्या अंगावर पटकन दिसतील असे कपडे असू दे. परत आल्यावर मला निबंध नको असतो, एकच प्रश्न देते की तिथे दिसलेलं एक काम निवडा आणि ते उद्या बंद झालं तर कोणाकोणाचं अडेल ते लिहा. गेल्या वर्षी एका मुलाने चहावाल्या पोराबद्दल लिहिलं होतं, पहाटेपासून उभ्या असलेल्या हमालांना तोच चहा आणून देतो म्हणून. मी त्याला पूर्ण गुण दिले.